नटावरची मरून खूण

त्या रस्त्यावर गॅरेजं पुष्कळ होती. टायरवाला होता, रेडिएटरवाला होता, डेंटिंग-पेंटिंग करणारे दोन सख्खे भाऊ होते आणि त्यांचं आपापसात विळ्याभोपळ्याचं सख्य असल्यामुळे त्यांची दुकानंही दोन होती. पण जुन्या गाडीचा कार्बुरेटर काढून तिथे बाजारातून आणलेलं इंजेक्शनचं किट बसवायचं असलं, की माणसं कुणालाही न विचारता रस्त्याच्या टोकाला, निळ्या शटरपाशी जात. तिथे प्रेशरवाला बसे. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव त्यालाही होतं, पण वीजबिल सोडलं तर ते कुठे वापरात नव्हतं. गिऱ्हाइकं तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे प्रेशरवाला. त्याला दोन्ही चालत.

गाड्यांतलं ज्याला ओ की ठो कळत नाही अशा माणसालाही तो आपलं काम दोन वाक्यांत समजावून सांगे. "कार्बुरेटर म्हणजे तांब्यानं पाणी ओतणं. इंजेक्शन म्हणजे फवारा, आणि फवाऱ्याला मागून जोर लागतो." तो जोर सांभाळणं हेच त्याचं आयुष्य. टाकीतला पंप इंधन पुढे ढकलतो. इंजिनाजवळ रेग्युलेटर नावाची लहानशी डबी असते, ती हवा तेवढाच जोर धरून ठेवते आणि जास्तीचं इंधन दुसऱ्या नळीनं टाकीत परत पाठवते. हा जोर मोजणाऱ्या गेजचा काटा चारावर हवा. सव्वाचार नाही, पावणेचार नाही, चार. या बाबतीत तो सासूपेक्षा खडूस होता.

गाडी अडखळते अशी तक्रार आली, की बाकीचे मेकॅनिक सरळ पंप बदलून मोकळे होत. याला त्याचा संताप येई. "पंपाला फासावर चढवण्याआधी साक्षीदार तर तपासा!" असं म्हणून तो आधी टाकीचं झाकण उघडे, कारण झाकणाची हवेची वाट तुंबली तरी पंप बिचारा गुदमरतो. मग फिल्टर, मग नळी कुठे मुडपली आहे का ते, मग परतीची वाट. पंपापर्यंत वीज पुरी पोहोचते की नाही हे सगळ्यात शेवटी, कारण ते त्याचं काम नव्हतं. ते बायकोचं.

बायको वायरिंग करायची. तिचे वडील रेडिओ दुरुस्त करत, त्यामुळे इतर मुली बाहुल्यांशी खेळत त्या वयात ही सोल्डरिंगच्या धुरात वाढली होती. किटची सगळी तारांची वेणी तीच बांधायची, लॅपटॉप जोडून इंजिनाच्या कॉम्प्युटरला तीच शिकवायची. त्याला लॅपटॉपमधलं अक्षर कळत नसे आणि याचा त्याला कारण नसताना अभिमान होता. गॅरेजचे सरळ दोन भाग होते. डावीकडे त्याची बाजू, तिथे पाने, नळ्या आणि ऑइलचे डाग. उजवीकडे तिची, तिथे जमीन अशी लख्ख की मांजरसुद्धा पाय पुसून आत येत असावं. गाडी आधी डावीकडे लागे, त्याचं काम झालं की ढकलत उजवीकडे नेत, आणि तिथूनच ती रस्त्यावर जाई.

एकमेकांच्या कामाला हात लावायचा नाही, हा नियम होता. तो आपोआप आलेला नव्हता, भांडून मिळवलेला होता. अगदी सुरुवातीला एकदा तिनं त्याच्या नळीवरची एक क्लॅम्प "सैल वाटली म्हणून" आवळली होती, आणि त्यावर उट्टं काढायला त्यानं तिच्या तारांवरची टेप सोडून पुन्हा गुंडाळली होती. मग दोघांचा असा अबोला चालला की मीठ हवं असलं तर टायरवाल्याच्या बायकोकडून मागवलं जाई. शेवटी टायरवाल्यानंच मध्ये पडून तह केला. "त्याचं तो, तिचं ती. मला माझं दुकान चालवू द्या." त्या दिवसापासून त्यानं तिची टेप कधी सोडली नाही. गरजच पडली नाही. तिच्या हातावर त्याचा स्वतःच्या हाताइतकाच विश्वास होता, आणि हे त्यानं तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण अशा गोष्टी बोलायच्या असतात हे त्याच्या गावीच नव्हतं.

तिच्या वस्तूंपैकी एकच त्याच्या बाजूला असे, ती म्हणजे नेलपॉलिशची बाटली. रंग मरून. ती स्वतः तोच लावायची, वर्षानुवर्षं, दुसरा रंग नाही. रेग्युलेटरचा स्क्रू फिरवून काटा चारावर आणला, की तो वरचा नट घट्ट आवळे आणि नटापासून खालच्या डबीवर त्या पॉलिशची एक रेघ ओढे. एकच रेघ, न थांबता, स्वतःकडे खेचलेली. नट तसूभर जरी फिरला तरी वाळलेली रेघ तुटते. रेघ अखंड असली तर सेटिंग त्यानं सोडलं तसंच आहे. गिऱ्हाइकानं काही कटकट केली की तो बॉनेट उघडून बोट दाखवे. "खूण शाबूत आहे ना? मग माझं काम शाबूत आहे. तुमचं दुखणं दुसरीकडे शोधू." आणि ते दुखणं खरोखरच दुसरीकडे सापडे.

म्हणूनच बेकरीवाल्याची व्हॅन परत आली तेव्हा त्याला काही वाटलं नाही. माल भरून चढ चढताना गाडी खोकते, अशी तक्रार होती. त्यानं गेज लावला. काटा तीनवर.

त्याला गेजची शंका आली. या गेजच्या पोटात काटा थरथरू नये म्हणून दाट द्रव भरलेला असतो, आणि इंजिनाच्या उष्णतेनं तो तापला की गेज खोटं बोलतो, खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. हे कितीतरी मेकॅनिकांना माहीत नसतं. त्यानं गेजच्या डोक्यावरचं रबरी बूच काढून आतली हवा मोकळी केली. तीनच. दुसरा, कोरडा गेज लावला. तीनच. झाकण, फिल्टर, नळ्या, सगळं चोख. बायकोला हाक मारून पंपाची वीज मोजायला लावली, तिनं मीटर लावून सांगितलं, "पुरी आहे." मग राहिला रेग्युलेटर. त्यानं इंजिनामागे मान घालून टॉर्च मारला. मरून खूण अखंड होती.

तो स्टुलावर बसला. नट हलला नव्हता. म्हणजे गाडी इथून निघाली तीच तीनवर. म्हणजे तीनला चार समजून खूण करणारा हात कुणाचा होता? या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते त्याच्या मांडीवर पडलेलं होतं, काळ्या नखांचं.

"अगं, लॅपटॉपवर तुला काही दिसलं नव्हतं का?" त्यानं विचारलं. एवढं त्यालाही ठाऊक होतं की जोर कमी पडला तर कॉम्प्युटर फवारा जास्त वेळ उघडा ठेवून तूट भरून काढतो. साध्या रस्त्यावर कुणाला पत्ता लागत नाही, पण लॅपटॉपवर आकडे फुगलेले दिसतात.

"नाही हो," ती म्हणाली. "सगळं ठीक होतं. होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नका."

त्यानं काटा चारावर आणला, नवी खूण केली, बेकरीवाल्याची माफी मागितली. माफी मागायची सवय नसल्यामुळे ती जरा रागावल्यासारखीच मागितली गेली. पुढे वकिलांची जुनी मोटार परत आली. पुन्हा तीन. पुन्हा खूण अखंड.

आता त्याला स्वतःची भीती वाटू लागली, आणि त्याला कारण होतं. त्याचे वडील, अण्णा, घड्याळं दुरुस्त करत. त्यांचाही हात असाच मोजका, आणि तो असाच बिघडत गेला होता. आधी एखादा स्क्रू उलटा, मग एखादं घड्याळ चावी न देताच परत, मग गिऱ्हाइकांची नावं, आणि शेवटी ते त्याला, पोटच्या पोराला, "दादा" म्हणू लागले आणि त्याच्याकडे घरी सोडा म्हणून हट्ट धरू लागले, घरात बसूनच. त्यांचं सगळं बायकोनं केलं होतं. न्हाऊ घालणं, भरवणं, रस्त्यावरून हाताला धरून परत आणणं. एकदा वडिलांना झोपवून ती बाहेर आली तेव्हा तो पायरीवर बसून रडत होता. "माझं असं झालं तर?" असं त्यानं विचारलं होतं. आयुष्यात हा प्रश्न त्यानं फक्त एका माणसाला विचारला, आणि त्या माणसानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "मी आहे ना."

त्यानं स्वतःवर पहारा बसवला. सकाळी गॅस बंद केला का हे दारातून परत येऊन बघू लागला. टायरवाल्याशी बोलताना मुद्दाम जुन्या गिऱ्हाइकांची नावं घेऊन बघे, आठवली की हुश्श करी. बाकावर एक मोकळा रेग्युलेटर ठेवून त्याचा स्क्रू उगाच फिरवत बसे, आणि हात बरोबर थांबला तरी त्याला आनंद होत नसे, कारण हात बरोबर थांबतोय असं वडिलांनाही वाटायचंच. जेवणावरची वासना उडाली. हा माणूस, जो डब्याच्या झाकणाला लागलेलंही पुसून खाई, तो अर्धा डबा परत नेऊ लागला.

"डोळे तपासून घ्या ना एकदा," बायको म्हणाली. "काटा नीट दिसत नसेल, दुसरं काय!" ती स्वतः त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. नंबर वाढलेला निघाला आणि त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं दवाखान्याबाहेर तिला गजऱ्यावाल्याकडे ओढत नेऊन फुलं घेऊन दिली. असलं काही त्यानं तरुणपणीही केलं नव्हतं. ती फुलांकडे बघत राहिली, लाजली असेल असं त्याला वाटलं.

नव्या चष्म्यानं त्यानं पहिली गाडी केली ती नर्सबाईंची. या बाई टेकडीपलीकडच्या वस्त्यांतून आजाऱ्यांना तपासत फिरायच्या, जुनी लहानशी गाडी, तिच्याशी माणसाशी बोलावं तसं बोलायच्या. त्यानं काटा चारावर आणला, दोन्ही गेजनी पडताळला, गाडी गरम करून पुन्हा पडताळला, खूण केली आणि शीळ घालत गाडी उजवीकडे ढकलली. बायकोनं लॅपटॉप जोडला. संध्याकाळी नर्सबाई गाडी घेऊन गेल्या.

आठवडाही झाला नसेल, गाडी दोरीला बांधून ओढत आणली गेली. मागचा बंपर आत गेलेला. टेकडीच्या चढावर, ऐन उन्हात, गाडी खोकली आणि बंदच पडली. सगळा भार ब्रेकवर आला, ब्रेक पुरला नाही आणि गाडी मागे घरंगळत जाऊन दगडी कठड्याला टेकली. मागच्या सीटवर आजारी म्हातारी होती. कुणाला काही झालं नव्हतं, नर्सबाई ओरडल्याही नाहीत. "काका, तुमच्या भरवशावर मी त्या रस्त्यानं जाते," एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा त्यांनी कानाखाली वाजवली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं म्हातारीची चौकशी तीन-तीनदा केली. त्याला वाटलं, ही आपल्यासाठी घाबरली.

गेज लावला. तीन. टॉर्च मारला. खूण अखंड. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला, शटर अर्धं ओढलं आणि बायकोसमोर येऊन उभा राहिला. "संपलं," तो म्हणाला. "आता कुणाचा तरी जीव घ्यायचाच तेवढा राहिलाय. दुकान टायरवाल्याला देऊन टाकू. तो कधीपासून मागतोय. आपण लेकीकडे जाऊ."

लेक लांब राहत होती, नवरा आणि लहान मुलाबरोबर. बायकोचा जीव तिकडे अडकलेला. तिथे जाऊन राहू या, असं ती नातू झाल्यापासून म्हणत होती, आणि तो "पुढच्या वर्षी बघू" म्हणत होता. दर वर्षी पुढचं वर्ष तितकंच लांब असे. आता ते त्याच्या तोंडून आपसूक निघालं आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. त्याचे दोन्ही हात तिनं घट्ट धरले. "मी आहे ना," ती म्हणाली. हे ऐकून त्याचेही डोळे भरून आले. देवानं आपली बुद्धी नेली तरी हे माणूस ठेवलं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं खरंच मनोमन हात जोडले.

एकच काम राहिलं होतं, नर्सबाईंची गाडी. तिला पुन्हा आपला हात लावायची त्याला हिंमत नव्हती. स्क्रूच नसलेला रेग्युलेटरही बाजारात मिळतो, कारखान्यातूनच चारावर बांधून आलेला. माणसानं फिरवायचं त्यात काहीच नसतं. आजवर असल्या रेग्युलेटरला तो नाक मुरडत आला होता, "तयार कपडे" म्हणायचा. आता तोच आणला. सकाळच्या उजेडात त्यानं जुना रेग्युलेटर इंजिनामागून सोडवला आणि उंबऱ्याजवळच्या बाकावर ठेवला. आजवर ती खूण त्यानं नेहमी इंजिनामागच्या अंधारात, टॉर्चच्या झोतात, अर्धवट मान घालून बघितली होती. आता ती उन्हात होती, आणि नाकावर नवा चष्मा होता.

रंग मरूनच होता. पण ती एक रेघ नव्हती. तीन फटकारे होते. एक मधे, मग एक डावीकडे, एक उजवीकडे, कडेनं जपून उतरवलेला, कुठे ओघळ नाही. त्यानं कधी एवढ्या नाजूकपणे खूण केली नव्हती. त्याची रेघ म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीवर मारलेल्या चुन्यासारखी. त्यानं सुईनं पेचाच्या आट्यांत टोकरलं. आतून जुन्या पॉलिशचे कण निघाले, खरवडून काढलेले. ती त्याची रेघ होती.

असे तीन फटकारे त्यानं आयुष्यभर बघितले होते. सुट्टीच्या दिवशी पायरीवर बसून, गुडघ्यावर हात ठेवून ती नखं रंगवायची. आधी मधे, मग एका कडेला, मग दुसऱ्या. लेक लहान असताना तिचीही बोटं एकेक करून धरायची, फुंकर घालायची. तो चहा पीत शेजारी बसलेला असे आणि त्याला ते बघायला फार आवडायचं. हेही त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

तो तिथेच बसून राहिला. टायरवाला येऊन काहीतरी विचारून गेला, त्याला ऐकू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते भलतंच होतं. मला काही झालेलं नाही! माझा हात ठीक आहे! त्याला ओरडावंसं वाटलं, आणि हे जिला पळत जाऊन सांगावं ती बायको, हे लक्षात आलं तेव्हा त्याला कळलं की आपल्याबरोबर काय झालं आहे.

ती डबा घेऊन आली. त्यानं रेग्युलेटर तिच्यापुढे सरकवला. तिनं तो हातात घेतला नाही. डबा हळूच खाली ठेवला.

"तिन्ही गाड्या?" त्यानं विचारलं.

तिनं होकाराची मान हलवली.

"का?"

"तुम्ही माझं कधी ऐकलंत का?" तिचा आवाज आधी बारीक होता, मग चढला. "किती वर्षं सांगतेय, बास झालं, आता पोरीकडे जाऊ. नातू बोलायला लागला, मला फोनवर आवाज ऐकवतात त्याचा. तुम्हाला विचारलं की पुढच्या वर्षी! तुम्ही या शटरखाली मरणार आणि मला पण इथंच ठेवणार. भांडून बघितलं, रडून बघितलं. मला वाटलं, दोन-चार गाड्या परत आल्या की तुम्हीच वैतागाल. बस, एवढंच."

"आणि नर्सबाई?"

"गाडी नुसती अडखळेल असं वाटलं होतं मला. कॉम्प्युटर सांभाळून घेतो ना! बंद पडेल हे नव्हतं माहीत, शप्पथ."

"चढावर इंजिन तापलं की कमी जोराचं इंधन नळीतच उकळतं. फवारा वाफेचा कसा होणार? मग तो कॉम्प्युटर काय सांभाळणार, डोंबल?"

"मला ते खरंच माहीत नव्हतं."

"नसणारच. ते माझं काम होतं. तुझं नव्हतं."

ती रडू लागली. एरवी ती रडली की तो विरघळायचा, निदान उठून पाण्याचा पेला तरी द्यायचा. आज तो बसून राहिला.

"गाड्यांचं जाऊ दे," तो म्हणाला. "मला वाटत होतं मी अण्णांसारखा होतोय. मी गॅस बंद केलाय का बघायला परत येत होतो. तू बघत होतीस. मी डबा परत आणत होतो, तो तू घासत होतीस. माझी भीती मी जगात एकाच माणसाला सांगितली होती."

"मी तसा विचार नाही हो केला..."

"केलास. मला दवाखान्यात घेऊन गेलीस की तू! मी तुला फुलं घेऊन दिली!"

ती खाली मान घालून आपल्या नखांकडे बघत राहिली, आणि मग तिनं ती पदराखाली लपवली. त्याला तिची कीव आली आणि त्याच क्षणी आपल्याला कीव यावी याचा भयंकर राग आला. ती म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. पुढच्या वर्षीचं गाजर त्यानंच दाखवलं होतं, वर्षानुवर्षं. हे त्याला कळत होतं, आणि कळून तसूभरही फरक पडत नव्हता.

"लेकीकडे जाऊ," तो उठत म्हणाला. "शब्द दिलाय मी. जाऊ."

तिनं आशेनं वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर तिला हवं होतं ते काही नव्हतं.

त्यानं नवा रेग्युलेटर बसवला. गेज लावला. काटा चारावर जाऊन उभा राहिला, आपोआप, कुणी न फिरवता. खूण करायला तिथे नटच नव्हता. नेलपॉलिशची बाटली त्यानं फळीवरून काढली आणि उजव्या बाजूला, तिच्या टेबलावर नेऊन ठेवली. मग गाडी ढकलत उजवीकडे आणली. डोळे पुसून ती लॅपटॉप उघडून उभी होती, नेहमीसारखी बाजूला सरून, त्यानं गाडी सोडून परत जायची वाट बघत.

तो परत गेला नाही. तिच्या टेबलावरचा मीटर त्यानं उचलला, तिची बारीक कात्री उचलली, बॉनेटमध्ये वाकला आणि तिच्या तारांच्या वेणीवरची टेप कापायला सुरुवात केली.

"अहो," ती घाबरून म्हणाली. "अहो, ते माझं आहे."

त्यानं ऐकलं नसेल असं नाही. टेप सोडत तो पंपाच्या तारेपर्यंत गेला, तिथून वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेपर्यंत, तिथून बॅटरीपर्यंत. एकेक सांधा चष्म्याजवळ धरून बघितला, एकेक ओढून बघितला, एकेकावर मीटर टेकवला. ती शेजारी उभी होती, हाताची घडी घालून, मग घडी सोडून. बाहेर टायरवाला हवा भरत होता. शेवटची तार तपासून होईपर्यंत ऊन बाकावरून खाली उतरलं होतं.

सगळे सांधे पक्के होते. सोल्डर गुळगुळीत, तारांचे रंग बरोबर, वीज पुरी, सगळं जसं असायला हवं तसं. एकही चूक नव्हती. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि परत पहिल्या तारेपासून तपासायला लागला.